होडीच्या गेमचं सेटिंग

बायकोच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मुलानं तिचं गेमचं मशीन सरळ केलं. तोपर्यंत मी कुणावर आवाज चढवला नव्हता. तेरा दिवस लोक आले, चहा प्याले, सुटली बिचारी म्हणाले, आणि मी मान हलवत राहिलो. सुटली म्हणे. तुरुंगात होती काय ती? माझ्या घरात होती.

मी मागच्या पडवीत भांडी घासत होतो. आतून होडीचा भोंगा वाजला. हात तसाच राखेचा घेऊन धावलो. कशाला धावलो ते विचारू नका. खुर्चीत मुलगा बसला होता आणि सून मागे उभी राहून हसत होती.

"बाबा, याचं वर-खाली उलटं होतं," मुलगा म्हणाला. "सरळ केलं. सगळं फ्रेश टाकलंय. ते गुडघ्याचं बटन पण सेटिंगमधून काढलं, उगाच कुणाचा पाय लागायचा."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पायजे? वर ढकललं की होडी खाली जात होती."

"माझं उलटं असूच शकत नाय. मी केलंय ते."

"अवो, पण होतं उलटं!"

"चार वर्षं तुझी आय खेळली याच्यावर. ती काय आंधळी होती?"

सून म्हणाली, "बाबा, बीपी वाढंल."

"वाढू दे. जुनं परत टाक."

मुलानं खाली बघितलं. "जुनं राहिलं नाय आता. पुसलं."

फ्रेश म्हणे. बाजारातली मासळी फ्रेश असते. माणसाच्या हाताखाली चार वर्षं झिजलेली वस्तू फ्रेश करून कुणाला हवी होती? मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. दोघं दुपारी जेवायच्या आधीच गाडीवर बसून पेणला त्यांच्या फ्लॅटवर गेली. जाताना सुनेनं भाताचं पातेलं झाकून ठेवलं, तेवढी अक्कल तिला आहे.

आता हे मशीन घरात आलं कसं ते सांगतो, नाहीतर म्हाताऱ्याला गेमचं वेड लागलं असं कुणाला वाटायचं.

माझी बायको हमरापूरची. तिकडं घरोघरी गणपतीच्या मूर्ती होतात आणि ती लहानपणापासून डोळ्यांची आखणी करायची. लग्न होऊन रोह्याला आली तरी दर वर्षी आषाढ-श्रावणात भाऊ तिला न्यायला यायचा. रंग कुणीही लावील, डोळे कुणीही करत नाही. एका श्वासात एक रेघ. मी एकदा मधेच हाक मारली तर ब्रश न उचलता म्हणाली, "मेलं कोण? नाय ना? मग थांबा." तिच्यापुढं माझा आवाज कधी चढायचा नाही, निदान ती आखणीला बसली असताना.

त्या बाईच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं. हात गेला, पाय ओढत चालायला लागली. जीभ शाबूत राहिली. डॉक्टर म्हणाले चांगला हात वापरात ठेवा, मन गुंतवा. कशात गुंतवणार? दिवसभर तो उजवा हात मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत बसायची, कुणा दुसऱ्याचं मूल सांभाळायला दिल्यासारखी.

तिच्या भावाच्या गणपतीच्या कारखान्यात एक जुनं व्हिडिओ गेमचं कपाट पडलं होतं. पेणच्या एका बंद पडलेल्या पार्लरमधलं. त्याच्या डोक्यावर ते साचे ठेवायचे. मी तिला तिकडं घेऊन गेलो, हवापालट म्हणून, तर सगळे गणपती सोडून ती त्या कपाटापाशी थांबली. डाव्या हातानं स्टिक धरली आणि हलवत राहिली. मशीन बंद, आत नुसतं जाळं. तरी हलवत होती आणि खट् खट् आवाज ऐकत होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा उजळलेला बघितला. मी त्याच दिवशी टेंपो बोलावला.

मुलानं आत साबणाच्या वडीएवढा कॉम्प्युटर बसवून दिला. त्याच्यात इम्युलेटर म्हणून प्रोग्रॅम असतो, तो जुन्या मशीनचं सोंग घेतो आणि जुने गेम चालवतो. "कंट्रोल तुम्ही करा," मुलगा म्हणाला होता. "स्क्रीनवर विचारील तसं दाबत जायचं." आणि गेला, सुट्टी संपली म्हणून.

मी सातवी नापास. पण धाटावच्या कंपनीत तीस वर्षं फिटर होतो. UP, DOWN, LEFT, RIGHT ही इंग्रजी मला येते, माल उचलायच्या होईस्टच्या बटनांवर तीच असते. आठ दिवस फरशीवर बसून मी वायरी ओढल्या, पट्ट्या कापल्या, स्विच साफ केले. भोंगा वाजवायला दुसरा हात लागतो, तो तिला नव्हता. म्हणून कपाटाच्या खालच्या अंगाला, तिच्या डाव्या गुडघ्याला लागेल असं लाल बटन बसवलं, कंपनीत इमर्जन्सी स्टॉपला असतं तसलं. मग सेटिंग केलं, सेव्ह केलं. स्क्रीनवर होडी चालली. मी तिला हात धरून खुर्चीत बसवलं तेव्हा छाती अशी झाली होती माझी.

एक होडीचा गेम होता, तोच ती खेळायची. होडी खालून वर न्यायची, पाण्यात ओंडके येतात ते चुकवायचे, समोरून मोठी बोट आली की भोंगा द्यायचा. वरच्या टोकाला पोचली की ओरडायची, "धरमतर आलं!" पेणजवळचं बंदर ते. आम्ही जेवायला बोलावलं तर म्हणायची, थांबा, अजून जेट्टीला लागले नाय. चार वर्षं. सकाळी औषध झालं की तास, दुपारी तास. मी मागे बाकड्यावर बसून शेंगा सोलायचो आणि स्क्रीन बघायचो. मी स्वतः कधी खेळलो नाही. पोरांचा खेळ, म्हणायचो.

मुलानं तिच्या आकड्यांची, म्हणजे स्कोअरची, यादीही पुसली. ती काय परत यायची नाही, ते मला समजतं. पण सेटिंग माझ्या हातचं होतं. माझ्या हातानं झालेलं माझ्या हातानं परत होईल. मशीन तिच्या हाताला होतं तसं मला हवं होतं, आणि ते करून त्याच्या तोंडावर मारायचं होतं की बघ, सरळच होतं.

दुसऱ्या दिवशी स्टिकचं पॅनल उघडलं. मागे बिजागरी आहे, पेटीचं झाकण उघडावं तसं वर उचललं आणि मधे लाटणं टेकून ठेवलं. आम्हाला कंपनीत एक गोष्ट ठोकून ठोकून शिकवलेली. पॅनल उघडं असताना हँडल हलवायचं नाही. बोटानं स्विच दाबायचा आणि पुढं काय चालतं ते बघायचं. तीस वर्षं तसंच केलं. तेव्हा स्क्रीननं UP विचारलं, मी वरचा स्विच बोटानं दाबला. DOWN, खालचा. LEFT, डावा. RIGHT, उजवा. गुडघ्याचं बटन भोंग्याला दिलं. सेव्ह.

झाकण लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या खुर्चीत बसलो. स्टिक वर ढकलली, होडी वर. खाली ओढली, खाली. म्हटलं बघा, आहे का उलटं? मग डावीकडे ढकलली आणि होडी उजवीकडे जाऊन काठाला आपटली.

परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदा केलं आणि लाटणं फेकून मारलं, ते जाऊन देवळीवर बसलं.

म्हणजे मी चुकू शकतो हे तर दिसलं. पण मुलगा म्हणत होता वर-खाली उलटं, आणि माझं येत होतं डावं-उजवं उलटं. मग त्या वेळी मी काय केलं होतं? चार वर्षांपूर्वी पॅनल कसं धरलं होतं, कुठला स्विच कधी दाबला, काही आठवेना. ज्या बाईच्या हाताला ते ठाऊक होतं ती राख होऊन कुंडलिका नदीत गेली. मी मशीनला शिव्या दिल्या, मुलाला दिल्या, आणि खरं सांगतो, तिलाही दिल्या. जायच्या आधी एकदा तरी सांगून जायचं होतं.

मग एकच माणूस उरलं. आमच्या मागच्या आळीत एक ज्यू म्हातारी राहते. पूर्वी त्या आळीत त्यांची पाच-सहा घरं होती, सगळी तिकडं त्यांच्या देशात गेली, तिची मुलंही गेली. ती राहिली. माझ्या बायकोची जिवाची मैत्रीण. तिचा शनवार म्हणजे पक्का शनवार, चूल नाही, काम नाही, दिव्याच्या बटनालाही बोट लावणार नाही. म्हणून शनवारी ती आमच्याकडे येऊन बायकोच्या डाव्या अंगाला बसायची आणि खेळ बघायची. स्वतः कशाला हात लावायची नाही, तोंड मात्र चालू. "ओंडका आला गो, ओंडका! झोपलीस काय?" असं चालायचं.

मी गेलो तो नेमका शनवारच. रागात वार कोण बघतो?

"बाय, घरी चला. मशीन बघा."

"आज?"

"आत्ता."

ती उठली, चपला घातल्या, निघाली. घरात आल्यावर बाकड्यावर न बसता तिच्या ठरलेल्या जागी बसली, रिकाम्या खुर्चीच्या डाव्या अंगाला. मी मशीन चालू केलं. होडी आली.

"आता ही स्टिक धरा आणि ती कशी चालवायची ते दाखवा."

"भावजी, शनवार हाय. मी हात लावणार नाय."

"एकदा हलवा नुसती!"

"नाय."

"खेळू नका. दाखवायचं हाय फक्त."

"संध्याकाळी तारे दिसले की दाखवते. तोवर बसा."

"मला आत्ता पायजे!"

"तुम्हाला सगळं आत्ताच पायजे असतं. तिनं कसे काढले तुमच्याबरोबर दिवस, तिचं तिला ठाऊक." मग तिला वाईट वाटलं असावं. म्हणाली, "हात लावणार नाय, पण सांगायला काय बंदी नाय. विचारा."

"होडी वर न्यायची असली की ती काय करायची?"

तिनं डाव्या हाताची मूठ मांडीवर ठेवली, स्टिक धरल्यासारखी. मी तिच्या मुठीकडे बघत राहिलो. मुठीची बाजू, अंगठ्याची ठेवण, अगदी माझ्या बायकोची. चार वर्षं शनवारचे शनवार तिनं नुसती स्क्रीन नव्हती बघितली. मी मागे बसून स्क्रीन बघत होतो, ती हातही बघत होती. तिनं मूठ पोटाकडे ओढली.

"अशी."

"पोटाकडं?"

"व्हय."

"म्हणजे खाली?"

"खाली म्हणा."

"आणि होडी?"

"होडी वर. धरमतराकडं."

"डावीकडं?"

"डावीकडं डावीकडंच. तेवढं सरळ होतं."

मी फरशीवर बसलो. आणि फरशीवर बसल्याबरोबर मांडीला आठवलं, डोक्याला नाही. त्या वेळी मी बिजागरी काढून अख्खं पॅनल खाली घेतलं होतं आणि माणूस कुशीवर वळतो तसं वळवून मांडीवर पालथं ठेवलं होतं. स्टिक मधे टेकलेली असते. वरचं टोक पलीकडे ढकललं की खालचं टोक अलीकडे येतं आणि अलीकडचा स्विच दाबतं. हँडल हलवून बघितलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. पण हँडल हलवायचं नाही ना, कंपनीनं शिकवलंय ना. स्क्रीननं वर विचारलं, मी बोटानं पलीकडचा स्विच दाबला, होडी वर गेली, मी खूश. डावं-उजवं बरोबर आलं ते माझ्या हुशारीनं नाही. पॅनल पालथं केल्यावर डावं उजवीकडे जातं, तेवढ्यानं एक चूक दुसरीला खाऊन गेली. मुलगा बरोबर होता. हे कबूल करायला मला अजून त्रास होतो.

"तिला कळलं नाय उलटं हाय ते?" मी विचारलं.

"कळलं नाय? पहिल्याच शनवारी मी तिला बोलले, गो, हे उलटं चालतंय, सांग तुझ्या नवऱ्याला. तर मला म्हणते, गप बस. आठ दिवस फरशीवर बसून केलंय त्यांनी. आता सांगितलं तर परत आठ दिवस बसतील आणि सगळ्या घराला शिव्या देतील. त्यापेक्षा मी उलटं खेळते."

"मी शिव्या देतो?" मी ओरडलो.

"आता काय आरती करताय?"

"चार वर्षं येडा बनवलं मला. दोघींनी मिळून."

"तुम्हाला बनवायला दोघी कशाला लागतात?"

मी उठून पडवीत गेलो आणि परत आलो. जायला दुसरी जागाच नव्हती.

"सुरुवातीला लई आपटायची ती होडी," म्हातारी म्हणाली. आवाज खाली आला होता. "पंधरा दिवस तरी. हात वर जायला बघायचा, मग तिला आठवायचं. तुम्ही मागनं म्हणायचात, लक्ष दे ना गो, नेट लाव, डावा हात चांगला हाय ना तुझा."

हे ती मला कशाला म्हणाली? बोलायची काही गरज होती? पण खरं होतं. मी म्हणायचो. होडी ओंडक्यावर गेली की मी म्हणायचो, लक्ष दे. एकदा म्हणालो, गणपतीचे डोळे करणारी तू, एवढं जमत नाय? तेव्हा तिनं मागे वळून माझ्याकडे बघितलं होतं. मला वाटलं, स्वतःच्या हाताचं वाईट वाटलं तिला. मग ती परत स्क्रीनकडे वळली. चूक माझ्या बोटाची आणि नेट लाव म्हणून मी तिला सांगतोय. बाई गं, एक शिवी घालायची होतीस. तुला येत होत्या की.

तिचा मला राग आहे. मुलापेक्षा जास्त आहे. मी शिव्या दिल्या असत्या तर दिल्या असत्या, चार दिवस घर डोक्यावर घेतलं असतं आणि मग सरळ करून दिलं असतं. माझ्या ओरडण्याला ती एवढी जपत होती हे मला ती असताना कळायला हवं होतं. आता कळून मी काय करू? कुणापुढं आवाज खाली आणू?

पॅनल सोडवलं. बिजागरीचे स्क्रू काढताना एक स्क्रू गेला कुठंतरी. कंबर मोडली तरी फरशीवर बसलो, पालथं मांडीवर घेतलं.

"कुशीवर उलटलं का?" म्हातारीनं वरून विचारलं.

"उलटलं. मला शिकवू नका."

UP विचारलं. पलीकडचा दाबला. DOWN, अलीकडचा. डावा, उजवा, गुडघ्याचं बटन. स्क्रीननं विचारलं, सेव्ह करायचं का? या वेळी मला माहीत होतं की मी चूक सेव्ह करतोय. बोट तिथंच राहिलं थोडा वेळ. तीस वर्षांत मी मुद्दाम उलटी जोडणी कधी केली नव्हती. कंपनीत त्याला घरी पाठवतात.

"काय झालं?"

"काय नाय." मी दाबलं.

पॅनल बसवलं आणि खुर्चीत बसलो. म्हातारी माझ्या डाव्या अंगाला. होडी खाली उभी होती. पहिला ओंडका आला, मी स्टिक पुढे ढकलली, होडी मागे जाऊन बुडाली. दुसरी होडी. तीही गेली. तिसरी. म्हातारी आधी तोंडाला पदर लावून हसत होती, मग पदर काढला आणि खो खो हसायला लागली.

"लक्ष द्या ना भावजी! नेट लावा! डावा हात चांगला हाय ना तुमचा?"

मी तिला घराबाहेर काढणार होतो. काढलं नाही. ती हसत असतानाच तिचे डोळे भरले, ते पुसायचेही तिला सुचेना, तशीच ओंडका आला, ओंडका आला म्हणत राहिली.

मुलगा पुढच्या रविवारी आला. एकटाच आला, भांडायची तयारी करून आला असणार. मी शेंगा सोलत राहिलो. तो थोडा वेळ इकडे तिकडे करून मशीनपाशी बसला. स्टिक वर ढकलली आणि होडी खाली गेली.

"बाबा, परत उलटं केलंत?"

"व्हय."

"तुम्हीच म्हणत होतात ना, उलटं असूच शकत नाय?"

"होतं. उलटंच होतं. माझ्याच हातनं झालेलं."

हे त्याला अपेक्षित नव्हतं. "मग आय खेळायची कशी?"

मी त्याला सांगितलं. म्हातारीनं सांगितलं ते सगळं, शिव्यांचंसुद्धा. तो ऐकत होता आणि स्टिक हातात तशीच धरून होता, हलवत नव्हता.

"आणि आता यावर खेळायचं कसं माणसानं?" शेवटी त्यानं विचारलं.

"शिक," मी म्हटलं. "पंधरा दिवस लागतात."